गोल ठिगळ

भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही. सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, मेलेली माणसं रोजचीच... कुणी उठून आलं नाही. तरी हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. ऑपरेशनचे रबरी हातमोजे तेव्हा फेकायचे नसत. धुवायचे, फुगवून कानाशी धरायचे, हवा सुटली तर सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावायचं आणि परत वापरायचे! आम्ही सगळ्याजणी ठिगळ चौकोनी कापायचो. सरूबाई आया मात्र गोल, टिकलीएवढं. "कोपरा उचकटतोय की वो बाई," म्हणायची. आम्ही घाई केली की ओरडायची, "नुस्तं बगून काय कळतंय? फुगवा की!"

वापरलेली सुई टोचली, कावीळ झाली आणि सरूबाई गेली. हातमोज्यांचं काम माझ्याकडे आलं.

त्याला आठ महिने झाले असतील. मला पाचवा महिना होता. त्या सकाळी उन्हानं चक्कर येत होती, म्हणून हातमोजे मी नुसते डोळ्यांनी पाहिले आणि पुढे पाठवले. एकही फुगवला नाही, एकही ठिगळ लावलं नाही. पाकीट त्याच आठवड्यात फोडलेलं... नवंच तर आहे, म्हटलं.

दुपारी काविळीचा पेशंट तातडीनं टेबलावर आला. मदतीला मी आणि कमल. कमल कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी, माझ्याहून लहान. समोर आलेली जोडी जिनं तिनं चढवली.

ऑपरेशन संपल्यावर मी माझे हातमोजे काढून उजेडात धरले. उजव्या तर्जनीवर ठिगळ होतं. गोल. नखानं उचकटलं तर खाली चांगलं मोठं भोक! माझं बोट कोरडं होतं.

"ताई, माझा फुटका निघाला बगा," कमल हसत म्हणाली. तिचं बोट रक्तानं माखलेलं. सकाळीच इंजेक्शनची काच फोडताना तेच बोट कापलं होतं तिचं.

मी सगळ्यांना विचारलं. ठिगळ कुणीच लावलं नव्हतं. हातमोज्यांच्या कपाटाची किल्ली तर माझ्याच कमरेला होती.

दोन-अडीच महिन्यांत कमलचे डोळे पिवळे झाले. माझ्या बाळंतपणाआधीच ती गेली. तिची आई माझे हात धरून रडली — "तुमी लई जपलं हो माज्या पोरीला."

मी मान डोलावली. ते ठिगळ कुणी लावलं, का लावलं, एकालाच का लावलं... काही उलगडलेलं नाही. पण हातमोजे न तपासता पुढे कुणी पाठवले, हे मला माहीत होतं. तेवढं तरी त्या माउलीला सांगायला हवं होतं. आता ती माउलीही राहिली नाही.