फ्रेम किती?

कॉम्प्युटर फार वेळ चालला की पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मला चुलत्यांची जळोचीतली बाहेरची खोली आठवते. गेम कॉम्प्युटरवर चांगला चालतो की कन्सोलवर, यावरून मी आणि माझा चुलतभाऊ कायम भांडायचो. एका सेकंदात पडद्यावर ज्याची जास्त चित्रं, म्हणजे जास्त फ्रेम, तो सरस. त्यानं नवा कन्सोल मागवला आणि तो घरी यायच्या आत डेंगीनं गेला. तेराव्यानंतर त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, "खोकं आलंय. तुजा कॉम्प्युटर घिऊन ये, बघूच." आमच्या गावाहून, कळसहून, मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर नेलं. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर आधी कन्सोल लावला, मग कॉम्प्युटर. गेम तोच, त्यातली गाडीही तीच. खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येत होता. धाकट्यानं विचारलं, "फ्रेम किती येत्यात?" मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचणार, तेवढ्यात आतून चुलती म्हणाली, "फ्रेम व्हय? ह्यांनी आणलीया सकाळीच. तितं कपाटावर हाय. खिळा तेवढा मारा कुणीतरी." आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. मी उठलो, टीव्हीसमोरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि चुलतभावाचा फोटो लावला. काचेवर गेमचा उजेड हलत होता, म्हणून धाकट्यानं टीव्ही बंद केला. सरस कोण, ते राहूनच गेलं. मी अजून खेळतो. कोपऱ्यातला आकडा तेवढा बंद ठेवतो.