फैजानला पडायला शिकवताना

"रनिंग कधी सुरू?" जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर कोच पुन्हा तेच विचारत होता. गुडघा कसा आहे, हे त्याने विचारलंच नाही.

मी अल् घुब्र्यात फिजिओथेरपिस्ट आहे. समोर टेबलावर फैजान होता. मूळचा रत्नागिरीकडचा, वाढला इथे मस्कतमध्ये, आता जर्मनीतल्या एका प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक. बॉल कुणाकडे जाणार, हे क्वार्टरबॅक ठरवतो. तो फेकायला उभा असतो तेव्हा त्याच्यापुढे आपल्याच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते. बॉल घेऊन तो स्वतः पळाला की भिंत मागे राहते, आणि कुणीही पूर्ण वेगात त्याच्यावर आदळू शकतं. फैजानचं तसंच झालं. पाय रोवलेला असताना बाजूने धडक बसली आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, फाटलं.

नियमात यावर उपाय आहे. पळता पळता पाय पुढे टाकून घसरायचं. याला स्लाइड म्हणतात. घसरला तिथेच खेळ थांबतो, आणि घसरलेल्याला धडक मारली तर फाउल. फैजानचे व्हिडिओ बघितले. तो एकदाही घसरला नव्हता.

स्लाइड जमेपर्यंत मॅचमध्ये पळायला माझी परवानगी नाही, असं मी कोचला सांगितलं. लोक त्याचं पळणं बघायलाच तिकीट काढतात, तो म्हणाला.

"मॅच संपली की लोक घरी जातात. गुडघा याच्याकडेच राहतो," मी म्हटलं. माणूस मोडला की दुसरा आणायचा, ही पद्धत मला मान्य नाही. कोचने कॉल कट केला.

"मॅम, माझं कॉन्ट्रॅक्ट जाईल," फैजान हळूच म्हणाला.

गुडघा भरून आल्यावर मी त्याला सकाळी बीचवर नेलं, ओल्या वाळूत. त्याची आई जुबेदाचाची सोबत आली. तो जोरात यायचा, पण घसरायच्या क्षणी अंग ताठ. भीती वाटते का, विचारलं. नाही, बॉडीच ऐकत नाही, म्हणाला.

कारण चाचीने सांगितलं. इथल्या पोरांचं क्रिकेट बिल्डिंगमागच्या खडीत. पडलं की ढोपर सोलटायचं, शाळेची पँट फाटायची. "मीच ओरडायची त्याला. पडून आलास तर घरात घेणार नाय, म्हणायची."

तिने चपला काढल्या आणि वाळूत पुढे जाऊन उभी राहिली.

"फैजू, पड रे बाबा. मी काय नाय बोलणार."

"मम्मी, लोक बघतायत."

"बघू देत. तू पड."

तो पळत आला आणि तिच्या पायांशी घसरला. ती खाली बसली, त्याच्या मानेवरची वाळू पदराने पुसत राहिली. एवढा मोठा गडी, पण त्याने पुसू दिली.

कॉन्ट्रॅक्ट टिकलं. पुढच्या सीझनची पहिली मॅच मी त्यांच्या घरी टीव्हीवर पाहिली. शेवटच्या मिनिटांत फैजान बॉल घेऊन पळाला. दोघे अंगावर आले, आणि तो घसरला. जिंकायला जी रेषा ओलांडायची होती, तिच्या एक यार्ड, म्हणजे जेमतेम तीन फूट अलीकडे. स्टेडियम ओरडलं. टीम हरली. चाची काही न बोलता चहा टाकायला उठली.

कोचचा मेसेज आला, एक यार्ड राहिलं. मी लिहिलं, गुडघा शाबूत आहे.

फैजान स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. आमच्या धंद्यात स्कोअर एवढाच मोजतात.