पेस्टमधली बोटं

बाबांच्या जुन्या गाडीखाली तेलाचे थेंब पडायला लागले, म्हणून अंगणातच बॉनेट उघडलं. इंजिनाच्या झाकणाच्या कडेला गळती थांबवायला लावलेली पेस्ट वाळून दगड झाली होती, आणि तिच्यात बाबांच्या बोटांचे ठसे होते. त्यांना जाऊन वर्ष झालं.

"खरवडू नकोस," आई म्हणाली. "गळतंय तर गळू दे."

"अगं, अशानं इंजिन बसेल."

"तुला मेलं सगळं जुनं उखडायलाच हवं असतं."

जुनं खरवडल्याशिवाय नवं बसत नाही, हे मी चळवळीच्या पत्रकांत ठणकावून लिहिलंय; आजही मानतो. पण त्या जुन्याला बोटं असतात, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

पेस्ट तुकड्यातुकड्यांनी निघाली. आईनं तळहात पुढे केला. मी एकेक तुकडा त्यावर ठेवत गेलो.