पुडीतलं विरजण

आमच्या ह्यांची भूक मेली, झोप उडाली, बोलणं पार आटलं, तेव्हा मला आधी संशय आला तो ह्यांच्या चिंचोळीतल्या कारखान्याच्या कॅन्टीनचा. मग माझ्याच स्वयंपाकाचा. हे एवढंच सांगायचे, पोट बिघडलंय. एक दिवस औषधाच्या पुड्या घेऊन आले. म्हणाले, यात जिवंत जंतू असतात, चांगले. आतड्याचा आणि मेंदूचा संबंध असतो, पोट सुधारलं तर मनालाही बरं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी शिक्षिका. नक्कल केलेली वही मी लांबून ओळखते. घरात रोज दही विरजतं, ते काय मेलेलं असतं? आणि पोटाच्या दुखण्यात मन आलं कुठून? पंधरा दिवसांत पुड्या संपत आल्या, तरी हे ताटापुढं बसून भाकरीचे नुसते तुकडे करत राहायचे. मला आता भीती वाटायला लागली होती.

शेवटी एक पुडी कोमट दुधात टाकून झाकून ठेवली. जंतू जिवंत असतील तर दही लागेल, साधी गोष्ट. सकाळी दूध जसंच्या तसं. फसवलं की नाही, म्हटलं.

ह्यांच्या खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सात रस्त्याजवळचं औषधाचं दुकान गाठलं आणि दुकानदाराला फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. सगळ्याच जंतूंनी दही लागत नाही, म्हणाला, आणि पुडी नुसती जोडीला दिलीय. मग चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"मुख्य औषध ह्या गोळ्या हायत की. उदासीवरच्या. साहेबांनी त्या नेल्याच न्हाईत."

चिठ्ठीच्या माथ्यावर काय छापलंय ते मी तेव्हा वाचलं. मानसोपचारतज्ज्ञ. इतके दिवस मी पुडीवर संशय घेत बसले होते.

घरी आल्यावर ह्यांना तडकून विचारलं, खोटं का बोललात?

"पोट दुखतंय म्हणून रजा मागता येते," म्हणाले. "हे कुणाला सांगू? येडा म्हणतील."

माझा राग कुठल्या कुठं गेला. यात लाजण्यासारखं काही नाही, ताप येतो तसंच हे, असं मी त्यांना परत परत समजावलं. दुसऱ्या दिवशी दोघंही रजा टाकून डॉक्टरांकडं निघालो. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. सकाळी सकाळी दोघं कुठं, म्हणून त्यांनी विचारलं.

"ह्यांचं पोट बिघडलंय जरा," मी म्हणाले.