पाहुणा लिफ्टर

जमालुद्दीन होडेकराला सौदीतल्या कतीफमध्ये कंपनीतले सगळे फरशी पुसणारा म्हणूनच ओळखत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. कंपनीच्या खेळाच्या हॉलमध्ये तो व्हॉलीबॉलचं नेट बांधायचा, बॉलमध्ये हवा भरायचा, आणि खेळाडूंचा घाम जमिनीवर सांडला की फडकं घेऊन धावायचा. पण रत्नागिरीजवळच्या साखरतरला जाऊन विचारलं असतंत, तर म्हाताऱ्यांनीसुद्धा सांगितलं असतं की असा लिफ्टर पुन्हा होणे नाही. त्याच्या बोटांतून सुटलेला बॉल हवेत गरगरायचा नाही. ताटात वाढल्यासारखा स्मॅशरच्या हाताशी जायचा.

त्या किनाऱ्यावर एक रीत होती. एखाद्या गावाचा खेळाडू ऐन सामन्याला आला नाही, तर दुसऱ्या गावाचा पाहुणा मागायचा आणि गैरहजर माणसाच्या नावावर त्याला खेळवायचं. पंचांना ठाऊक असे, समोरच्या संघाला ठाऊक असे. कुणी त्याला लबाडी म्हणत नसे. पाहुण्यानं एवढंच पाळायचं, की मैदानात असेतो आपलं नाव घ्यायचं नाही. जमालुद्दीन अशा बारा गावांसाठी खेळला होता आणि बारा नावांनी जिंकला होता. याचा त्याला फार अभिमान. नसता अभिमान, असं आता म्हणावं लागतं.

नव्वदच्या उन्हाळ्यात कफीलच्या, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाच्या, मुलानं हौसेनं दारियो फेरांती नावाच्या इटालियनाला संघात आणलं. दारियो दहा वर्षं इटलीच्या संघातून खेळलेला. तिकडे त्याची चित्रं मुलं भिंतीवर लावत. पण आता गुडघे गेले होते, आणि एका जुन्या सामन्यात त्याच्या क्लबनं पंच फोडले म्हणून त्याचंही नाव चिखलात गेलं होतं. उतरणीला लागलेला माणूस, म्हणूनच तर या वाळवंटात आला.

कंपन्यांच्या स्पर्धेची नावं जुलैत नोंदली गेली. लिफ्टर म्हणून नाव होतं शारीकचं, जमालुद्दीनच्या मावसभावाचं. शारीक स्टोअरमध्ये कारकून होता, खेळायचा बेताचाच. ऑगस्टात इराकी फौज कुवेतमध्ये घुसली. दारियो यायच्या आधीच शारीक सुट्टीवर गावी गेला होता, तो परत येईना. नवं नाव घालायची मुदत टळलेली. तेव्हा संघाचा मॅनेजर जलाल, हैदराबादचा, जमालुद्दीनला बाजूला घेऊन म्हणाला, "मियाँ, दाढी रखो और शारीक बन जाओ. इकामे का फोटू कौन देखता?" इकामा म्हणजे परदेशी कामगाराचा तिथं राहायचा परवाना.

जमालुद्दीन हसला. एवढंच ना? पाहुणा म्हणून खेळायचं! त्याला वाटलं, हीही साखरतरचीच रीत. इथे पंचांना ठाऊक नाही, समोरच्यांना ठाऊक नाही आणि दारियोलाही ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. स्वतःच्या गावचा कायदा परमुलखात नेणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल?

रोज सकाळी दारियो त्याच्याकडून तीनशे बॉल उचलून घ्यायचा. दुखऱ्या गुडघ्यांना उडी झेपेल तेवढीच उंची जमालुद्दीन द्यायचा, न सांगता. महिन्याभरात इटालियनाचा चेहरा पालटला. तो मोडक्या इंग्रजीत म्हणे, "शारीक, एवढ्या वर्षांत माझ्यासाठी असा बॉल कुणी ठेवला नाही." दुसऱ्याच्या नावानं होणारं ते कौतुक जमालुद्दीन मान खाली घालून ऐकायचा आणि सुखावायचा.

डिसेंबरात त्यांनी कप जिंकला, आणि कफीलच्या मुलानं तो दारियोलाच देऊन टाकला. जानेवारीत लढाई तोंडाशी आली, तसं दारियोचं निघायचं ठरलं. निघायच्या दिवशी तो हॉलमध्ये आला आणि कागद पुढे करून म्हणाला, "माझ्या जुन्या क्लबला लिफ्टर हवा आहे. तू आलास तर मी अजून एक वर्ष खेळेन. पासपोर्टावरचं नाव लिहून दे."

जमालुद्दीननं कागद हातात घेतला. इटली! लाकडी मैदान, त्याच्यावर आपण, आणि फडकं दुसऱ्या कुणाच्या हातात. जन्मात एकदाच आलेली गोष्ट, आणि मध्ये आडवं पडलेलं एक नाव. शेजारी जलाल उभा होता. तो हिंदीत पुटपुटला, "असली नाम लिखा तो कप वापस. फिर तेरा इकामा भी खलास." जमालुद्दीननं विचार केला, पाहुण्यानं मैदान सोडेपर्यंत नाव घ्यायचं नसतं. हा गेला की सावकाश पत्रानं कळवू. त्यानं शारीकचं नाव लिहिलं आणि पत्ता आपल्या टपालपेटीचा दिला.

दोन दिवसांनी लढाई पेटली. हॉलमध्ये फौजेच्या खाटा आणि पाण्याची खोकी आली. भोंगा वाजला की जमालुद्दीन तोंडाला मास्क लावून भिंतीशी बसे, थांबला की खाटांमधली जमीन पुसे. आकाशातून काय पडेल याची त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी भीती त्या कागदाची होती. टपाल सुरळीत होईना. गावाहून बायकोचं, सुरैयाचं, एक पत्र तेवढं आलं: "इटलीची बातमी सगल्या मोहल्ल्यात सांगितलंय. आता तुमी माझी लाज राखा."

एप्रिलात क्लबचा लिफाफा आला. करार, व्हिसाचे कागद, सगळं शारीकच्या नावानं. आता मात्र जमालुद्दीननं धीर केला. आपलं इंग्रजी लाजिरवाणं, म्हणून त्यानं कंपनीच्या टायपिस्टकडून दारियोला झकास पत्र टाइप करून घेतलं: मी शारीक नाही, मी जमालुद्दीन होडेकर, कृपया कागद माझ्या नावानं करावेत. सोबत आपला फोटो घालायला हवा होता, म्हणजे दारियोनं चेहरा तरी ओळखला असता. टाइप केलेल्या पत्राला साहेब लोक मान देतात या समजुतीत तो राहिला.

जूनमध्ये दारियोचं उत्तर आलं. पाकिटावर शारीकचं नाव. हातानं लिहिलेलं, सोपं इंग्रजी:

"शारीक, सांभाळून राहा. जमालुद्दीन नावाचा कुणी माणूस तुझी पत्रं फोडतो आहे. तुझ्या जागी त्याला यायचं आहे. मी कंपनीला विचारलं. जलालनं कळवलं की तो फरशी पुसणारा आहे, कधी खेळलेला नाही. तुझं उत्तर मुदतीत आलं नाही, म्हणून क्लबनं बल्गेरियाचा लिफ्टर घेतला. तुझ्याशिवाय मी खेळणार नाही, मी थांबलो. पण वाईट वाटून घेऊ नकोस. वाळवंटातला तो कप मी घरात सगळ्यांत वर ठेवला आहे. माझ्या साऱ्या कारकिर्दीत लबाडीचा डाग नसलेला तेवढा एकच."

जमालुद्दीन पायरीवर बसून ढसाढसा रडला. मग जलालला त्यानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. जलालनं त्या ऐकून घेतल्या आणि चहा मागवला. फोटो पाठवला असता, तर अजूनही दारियोला खरं कळलं असतं. जागा मिळाली नसती, पण नाव तरी धुऊन निघालं असतं. कतीफच्या स्टुडिओत जाऊन त्यानं फोटो काढलाही.

पण तो पाठवायचा, म्हणजे त्या घरातला सगळ्यांत वरचा कप खाली काढायला लावायचा. आणि एवढं करून दारियोच्या हाती काय पडणार? एक लबाड फरशी पुसणारा. त्याचा लिफ्टर नाहीसा होणार तो होणारच.

दोन दिवस फोटो खिशात बाळगून जमालुद्दीननं तिसऱ्या दिवशी पोस्टातून कोरं पत्र आणलं आणि या खेपेला आपल्या हातानं, आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं:

"साहेब, त्या जमालुद्दीनला मी समज दिली आहे. तो तुम्हाला पुन्हा लिहिणार नाही. आपला, शारीक."