दाराबाहेरच्या वहाणा

आज यिशुनमधल्या आमच्या फ्लॅटबाहेरचा चपलांचा रॅक पुसत होतो, तेवढ्यात टेटेचा मेसेज आला : "विरोधकांनी भर सभेत माझ्या पायातल्या वहाणा ओढून काढल्या." त्याच्या लोकांत वहाणा काढल्या की राजाची गादी गेली.

टेटे माझा जुना सहकारी. घानातल्या गा लोकांच्या एका गावाने त्याला राजा निवडलं, तेव्हा निघण्याआधी तो आमच्याकडे जेवायला आला होता. दारातच थबकला. म्हणाला, "राजाचे उघडे पाय जमिनीला लागायचे नसतात."

शाळेची पायरी न चढलेल्या, पण मला इंजिनियर करणाऱ्या माझ्या आईने आतून सुनावलं, "राजा असो की तलाठी, चपला बाहेर!"

मी भीतभीतच त्याला इंग्रजीत सांगितलं. तो खदखदून हसला. "अजून झालो नाही राजा, आई!" थालीपिठाच्या खरपूस वासात तो गार फरशीवर कितीतरी वेळ तळवे घासत उभा राहिला. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आज तेच उघडे पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आईला मेसेज मराठीत समजावून सांगितला.

"त्याला म्हणावं, इकडे ये," ती म्हणाली. "चपला घालूनच आत ये."