काढ झगा, बघू पाठ

केतामाच्या डोंगरात मीमूंतनं चाळीस वर्षं खेचरांची खोगिरं शिवली. आधी जनावराच्या पाठीवरून हात फिरवायचा, मगच सुई उचलायची, हा तिचा शिरस्ता.

त्या बाजारच्या दिवशी चहाच्या हॉटेलात गांजाचं पीक कायदेशीर करावं की नाही, यावर गडी तावातावानं भांडत होते. गांजा पिकवणाऱ्या अल्लालचा आवाज टिपेला पोचला होता. "इतकी वर्षं सरकारनं आम्हाला जनावरासारखं वागवलं! आता कायदा हवा, मान हवा!"

बाहेर उन्हात त्याचंच खेचर सकाळपासून गांजाच्या भाऱ्यांखाली उभं होतं. मीमूंतनं फाटकं खोगीर जरा उचलून पाहिलं. लाकडाचा खुंट मांसात रुतला होता, जखमेवर माशा घोंगावत होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सुरीनं खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, कापला आणि भारे धाडकन धुळीत पडले.

अल्लाल धावत बाहेर आला. "मावशी, डोकं फिरलं का तुझं? माझा माल!"

"जनावरासारखं वागवलं ना रे तुला?" सुरी तशीच हातात धरून ती म्हणाली. "मग काढ झगा. बघू तुझी पाठ."